दस्तीखालचे मार्क

अप्पा, हुलगे भिजत घालून कुणी जातं का?

त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही अर्धा किलो हुलगे पातेल्यात ओतलेत, वर पाणी, पाण्यावर ताट आणि ताटावर खलबत्त्यातला बत्ता. मी शाळेत निघाले होते. "येताना कढीपत्ता आण, कवळा बघून," म्हणालात. साडेदहाला खुर्चीत पेपर वाचता वाचता गेलात. पेपर मांडीवर, चष्मा नाकावर आणि हुलगे पाण्यात. मला नववीच्या वर्गावर असताना फोन आला. कढीपत्त्याचं काय करायचं हे मात्र कुणी सांगितलं नाही.

तुम्हाला उदगीरला नेलं. विभूती लावून, बेलाची पानं घालून आपल्या लिंगायत रीतीनं सासूबाईंच्या, अव्वांच्या शेजारी मातीत बसवलं. तिसऱ्या दिवशी नांदेडला परत येऊन दार उघडलं तर घरभर वास. ताट वर उचललं गेलेलं, बत्ता कलंडलेला, हुलग्यांना बोटभर मोड. अर्ध्या किलोचे दीड किलो झालेले आणि सगळे आंबलेले. सासरे गेल्यावर सुनेनं आधी रडायचं असतं की आधी पातेलं घासायचं असतं, मला माहीत नाही. मी पातेलं घासायला घेतलं. नळ चालू होता, त्यातच रडून घेतलं.

आणि भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "अप्पा म्हणजे गरीब गाय. कुणाला कधी त्रास म्हणून नाही." मी मान हलवते, चहा देते. मनात म्हणते, यांना एकदा माझ्या स्वयंपाकघरात आणून उभं करायला पाहिजे होतं.

तुम्ही आलात तेव्हा खरंच त्रास नव्हता, हे कबूल करते. अव्वा गेल्या, उदगीरचं घर तुम्ही महानंदाअक्कांच्या, म्हणजे तुमच्या लेकीच्या हवाली केलंत आणि आमच्याकडे राहायला आलात, त्याला तीन वर्षं झाली. चाळीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, डाळींची अडत केलेला माणूस. दाणा दाताखाली फोडून कुठल्या गावचा ते सांगणारा. पण घरात पाण्याचा तांब्यासुद्धा कधी स्वतः भरून घेतला नव्हतात. पहिले आठ महिने पेपर, फिरणं आणि झोप. मी शाळेतल्या मैत्रिणींना सांगायचे, सासरे असावेत तर असे.

मग एका रविवारी तुम्हाला कुणीतरी गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं.

परत आलात ते चपला न काढता थेट ओट्यापाशी. मी भाकरी थापत होते. "शैला, चाळीस वर्सं दाळ विकली मी. खाल्ली न्हाई ग कधी."

"रोज वरण खाता की अप्पा."

"ते वरण. ते पोट भरायचं. आज दाळ खाल्ली." मग एकेक बोट मोडत सांगितलंत, "काळा उडीद हाय, सालीचा. हरभऱ्याची दाळ हाय. आन तिसरं कायतरी लई मऊ, गोडसर. वाढणाऱ्या सरदारजीला इचारलं तर ते हसले, म्हणले, वळखा. मी वळखलं." आणि भिंतीवरच्या फोटोतल्या अव्वांना ऐकू जाऊ नये इतका आवाज खाली आणलात. "मसूर."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी ओट्यावर पडली. तुम्हाला वाटलं, मी दचकले. मी दचकले नव्हते अप्पा, माझा संताप झाला होता. का झाला, हे तुम्हाला कधीच सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. ऐकून घ्या, मधे बोलता येणार नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन किनवटहून तुमच्या घरी आले. आमचं शेताचं घर. रानात आई दरवर्षी घरापुरती चार तासं, म्हणजे चार ओळी, मसूर पेरायची. तिची येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड, घातलेली काळी, पातळ मसुरीची आमटी मिळाली की मला जगात दुसरं काही लागायचं नाही. म्हणून माझ्या बांधाबांधीत तिनं एक पुडी दिली होती, दोन किलो मसुरीची, आणि सोबत डबाभर येसर. पोचवायला भाऊ आला होता. अव्वांनी पुडी उघडली, बघितली आणि परत बांधली. "आमच्या घरात मसूर शिजत न्हाई. रक्तावाणी रंग हाय तिचा. परत न्या," म्हणून भावाच्या हातात दिली. त्या वाईट वागल्या असं म्हणत नाही, त्यांच्या घरची रीत होती ती. पण भाऊ एवढासा झाला. त्याला ती पुडी कुठं ठेवावी ते कळेना, शेवटी त्यानं सदऱ्याखाली धरली.

आणि तुम्ही दारापाशी खुर्चीवर बसला होतात. मांडीवर तुरीच्या नमुन्याच्या पुड्या. तुम्ही वर बघितलंत. भावाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि पुढचा दाणा दाताखाली घेतलात.

त्या 'कट्' आवाजाचा मला बावीस वर्षं राग होता. घरात पुन्हा मसूर आणली नाही. माहेरी गेल्यावर खायचे आणि इकडे आल्यावर विसरून जायचे. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी तुम्ही ओट्यापाशी उभे राहून मला सांगणार की मसूर नावाची एक डाळ असते आणि ती गोडसर लागते! मला! म्हटलं, वा.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते माझ्या बाजूनं कधी बघितलं नाहीत. माझ्या ओट्यावर सहा डबे होते. वर्षभरात एकतीस बरण्या झाल्या. डाळ एक, पण सालीची वेगळी, बिनसालीची वेगळी, जुनी वेगळी, नवी वेगळी. कुकरला तुम्ही हात लावायला तयार नाही. "शिट्टीत दाळ शिजती का मरती, कळत न्हाई. झाकण काढून तिच्याकडं बघावं लागतं." मग दीड दीड तास गॅसपाशी स्टूल टाकून डाळीकडे बघत बसायचात. सिलिंडर महिनाभर पुरेना. रवीनं घोटताना पिवळे शिंतोडे टाइल्सवर, स्विचवर, एकदा माझ्या तपासायच्या वह्यांवर. सहामाहीच्या एका मुलीच्या भूमितीवर तुमच्या मुगाचा डाग आहे, तिच्या आईनं मला विचारलं होतं.

आणि त्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या! कुणीही शहाणा माणूस लिहील 'तूर', 'मूग', 'हरभरा'. तुम्ही लिहिलंत 'देवणी', 'वाढवणा', 'हाळी'. का, तर मोंढ्यात माल गावावरून ओळखतात. "तूर हाय हे दिसतंयच की. कुठली हाय ते लिवायचं." अप्पा, पहाटे पाच वाजता, होळीच्या दिवशी, शाळेच्या आधी पुरण टाकायचं असताना ते दिसत नाही! मी 'देवणी' घेतलं. गेल्या महिन्यात 'देवणी' हरभरा होता. तुम्ही तो संपवून त्यात तूर भरली होतीत, कारण तीही देवणीची. तुरीच्या पुरणाच्या बावीस पोळ्या झाल्या. मला पहिल्याच पोळीला कळलं. अख्ख्या आयुष्यात माझ्या हातून असं झालं नव्हतं. आणि तुम्ही ताटावर बसून चार खाल्ल्यात, वर म्हणालात, "हे बी एक शिकाय मिळालं. पुढच्या टायमाला जायफळ जास्त लागंल." मी त्या दिवशी तुमच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही. खरं म्हणजे पोळ्या चांगल्या झाल्या होत्या, राग त्याचाच जास्त आला.

चांगलं काय काय होत होतं, तेही सांगायला पाहिजे. तुमची मठाची, म्हणजे मटकीची डाळ, लसूण जाळून. हुलग्याचं कळण, सर्दीवर दिलेलं. अंबाडीचा पाला घातलेली तूर. आमच्या जेवणाची चव बदलली, शिवराज, तुमचा लेक, बँकेतून वेळेवर घरी यायला लागला. माझी स्वतःची डाळींशी असलेली ओळख, बाईमाणूस असून, तुमच्यामुळे झाली. कुठली डाळ आधी तापवायची, कुठलीला गार पाणी चालतं, कुठली मीठ आधी टाकलं की रुसून बसते. मी रोज डाळ शिजवत होते आणि तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. पण हे तुम्हाला सांगायचं म्हणजे हरल्यासारखं होतं.

आणि तुम्हा बापलेकांचा तो दस्तीचा खेळ. दस्ती म्हणजे तुमच्या खांद्यावरचा तो चौकड्याचा रुमाल, चाळीस वर्षांचा, धुऊन धुऊन मलमल झालेला. पूर्वी मोंढ्यात भाव तोंडानं सांगत नसत. घेणारा आणि देणारा दस्तीखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा कळवायचे. तोंडानं मात्र घेणारा मालाला नावं ठेवत राहायचा, ओला आहे, किडका आहे, खडेच फार आहेत. आजूबाजूच्यांनी तोंड ऐकायचं. सौदा व्हायचा तो हाताचा.

तेच तुम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर आणलंत. जेवण झालं की दस्ती टाकायची, त्याखाली शिवराजनं तुमचा हात धरायचा. एक बोट दाबलं तर एक मार्क, पंजा दाबला तर पाच, पंजा दोनदा दाबला तर दहा. पन्नाशीकडे आलेला माझा नवरा तोंडानं म्हणतोय, "काय अप्पा, पाणचट केलीय," आणि खाली बोटं चाललीत, वर तुम्ही गालात हसताय. मी समोर बसून ताटं गोळा करतेय.

तुम्ही मला रोज विचारायचात, "शैला, कसं झालंय?"

मी रोज सांगायचे, "मीठ कमी आहे."

मी गणिताची मास्तरीण आहे. शाळेत मुली म्हणतात, चव्हाण मॅडम देवाला सुद्धा साडेनऊच देतील. पण तुम्हाला मी एकही मार्क दिला नाही. एकदा तुम्ही दस्ती माझ्यापुढे सरकवलीत. "तोंडाचं ऱ्हाऊ दे बाई. हाताचं सांग." मी म्हणाले, "मला वह्या तपासायच्या आहेत." सून सासऱ्याचा हात हातात घेत नाही हे कारण होतं, ते तुम्हालाही पटलं असेल. खरं कारण ती पुडी होती. मी ठरवूनच टाकलं होतं, की जोवर हा माणूस त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलत नाही तोवर माझा हात दस्तीखाली जाणार नाही. स्वयंपाकघरातून ऐकलं तेव्हा तुम्ही शिवराजला सांगत होतात, "तुझी बायको नुसतं तोंडानं बोलती. हात दिला न्हाई अजून. सौदा ऱ्हायलाय आमचा." मला हसू आलं होतं आणि मी ते गिळलं होतं.

मिठाचं तर काय सांगू. तुमचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं, आणि तुम्ही काही ऐकणारे नव्हतात. म्हणून मिठाची बरणी मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवून कुलूप लावायला लागले. ओट्यावर सकाळी दीड चमचा मीठ वाटीत काढून ठेवायचे, घरातल्या सगळ्यांचं, दिवसभराचं. तेवढ्या मिठात तुम्ही तुमच्या डाळी बसवायचात. आणि संध्याकाळी मीच टेबलाशी बसून म्हणायचे, मीठ कमी आहे! तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की बाई, किल्ली तुझ्याकडं हाय. म्हणायचं होतंत. भांडायचं होतंत. दुसऱ्याला असं खजील करून ठेवायचं आणि निघून जायचं, हे गरीब गायीचं लक्षण नाही.

गेल्या माघापासून तुमची मसूर बदलली. लंगरसारखी घट्ट डाळ बंद झाली. दर शनिवारी काळी, पातळ आमटी यायला लागली, येसर घातलेली. पहिल्या शनिवारी मी भाकरीचा घास बुडवला आणि हात तिथंच थांबला. ती चव जवळ जवळ माझ्या आईची होती. पण जवळ जवळच. काहीतरी राहत होतं, शेवटाला जिभेवर कडवट यायचं. मला वाटलं, योगायोग असेल. आणि चिडचिड झाली, की आयतं बसून यांनी इथवर यायचंच कसं. "मीठ कमी आहे," मी म्हणाले. "अजून?" म्हणून तुम्ही उठलात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवारच्या चौकोनात पेन्सिलीनं काहीतरी खरडलंत.

शेवटच्या शनिवारी मात्र माझा तोल गेला. तुम्ही फोडणी घालत होतात. मी म्हणाले, "अप्पा, या घराण्यात मसूर पहिल्यांदा कुणी आणली, आठवतं का तुम्हाला?"

तुमच्या हातातली पळी तशीच राहिली, लसूण करपला. मला वाटलं, आता विचारणार, कुणी? पण तुम्ही म्हणालात, "आठवतंय."

"मग?"

"सांगतो. आधी हे जमू दे."

"काय जमायचंय? आमटी?"

"सांगतो म्हटलं न्हवं बाई. जमू दे आधी."

मी पर्स उचलली आणि शाळेत गेले. बावीस वर्षं वाट बघितली आणि तुम्ही मला फोडणीच्या मागे रांगेत उभं केलंत. त्यानंतर पाच दिवस होते. तुम्ही पाच दिवसांत तीन डाळी केल्यात, पण ते सांगितलं नाहीत.

उदगीरला तुमची शिवगणाराधना होती त्या नवव्या दिवशी मी नांदेडहून मसुरीचा डबा घेऊन गेले. म्हटलं, जंगमस्वामींचं पान वाढायचं, तुमच्या फोटोपुढे ताट ठेवायचं, तर त्यात तुमच्या आवडीचं एक काहीतरी असू दे. अक्कांनी झाकण उघडून बघितलं.

"वैनी, हे कशाला? अव्वाच्या घरात मसूर?"

"अप्पांना आवडायची."

"अप्पाला म्हातारपणी काय बी आवडायचं. आजच्या दिशी न्हाई बरं का. हुग्गी हाय, पुऱ्या हायत, वरण हाय. झालं की."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी डबा झाकला आणि पदराखाली धरला, माझ्या भावानं पुडी धरली होती अगदी तसाच. तुमच्या फोटोकडे बघितलं. तुम्ही तेव्हाही गप्प आणि आताही गप्प. त्या दिवशी तुमचा इतका राग आला अप्पा, की पानातली हुग्गी, गव्हाची ती गोड खीर, तशीच ठेवली. पण जेवायला बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. अक्कांचं बोलणं ऐकून मीही गप्पच बसले होते. घरातल्या बाईच्या रीतीपुढे तोंड उघडणं किती जड जातं, ते मला त्या पंक्तीत कळलं.

परवा आई आली. गुडघ्यांमुळे तिला उदगीरला येणं जमलं नव्हतं, म्हणून माझ्या भावाला घेऊन किनवटहून सकाळच्या गाडीनं इथं आली. जरा टेकली, पाणी प्यायली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तुमच्या बरण्या बघत उभी राहिली. मग सगळ्यात मागची एक पुढे ओढली. त्यावरची चिठ्ठी मी कधी वाचली नव्हती, मागे हात जात नाही म्हणून. तुमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'किनवट'.

"ही तर आपली मसूर हाय," आई म्हणाली. "संपवली न्हाई का इवायांनी?"

"तुझ्याकडची? तू कधी पाठवलीस?"

"पाठवली कशाला? घेऊन गेले की ते. माघात आले होते एकटेच, रेल्वेनं. तुला सांगितलं न्हाई?"

माघात तुम्ही एक दिवस 'जुन्या मोंढ्यातल्या सोबत्याकडे जाऊन येतो' म्हणून निघाला होतात. संध्याकाळी परत आलात तेव्हा पिशवी जड होती. मी विचारलं नव्हतं, म्हटलं, आणखी एक बरणी.

आई खाली बसली आणि सांगायला लागली. "दिवसभर बसले होते. मी आमटी करून राहिले होते, तर बाजूला पाट टाकून बघत बसले. येसर किती, पाणी किती, सगळं कागदावर लिहून घेतलं. जेवले. मंग म्हणले, इहिणबाई, तुमची पुडी माझ्या घरातून परत आली व्हती. माझ्या डोळ्यापुढं. मी बोलाय पाहिजे व्हतं, बोललो न्हाई. तुमच्या पोराचं तोंड अजून दिसतंय मला. ती पुडी आज मी मागाय आलोय."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू माय? एवढा मोठा माणूस. मी म्हणलं, जाऊ द्या, जुनं झालं. आन दोन किलो मोजून दिली." आईनं पदरानं डोळे पुसले. "मी म्हणलं त्यायला, शैलाला सांगा हे. तर म्हणले, ती लई कडक हाय. तुमच्यावाणी आमटी जमल्याबिगर तिच्यापुढं तोंड उघडायची सोय न्हाई."

अप्पा, तुम्ही माझ्या आईला सांगितलंत. माझ्या भावाचं तोंड तुम्हाला बावीस वर्षं दिसत होतं हे किनवटच्या ओसरीवर सांगितलंत. आणि मी इथं, एकाच छपराखाली, रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्यासमोर असताना मला सांगितलंत, आधी जमू दे! पुडी आईची होती, म्हणून आधी तिच्याकडे जायला हवं होतं, हे मला पटतं. पण नंतर तरी? तुम्हाला काय वाटलं, मी आमटीला मार्क कमी दिले असते तर तुमची माफी नापास झाली असती?

वाटलं असेल. मीच तशी होते.

मी कॅलेंडर बघायला गेले. माघापासून पुढे प्रत्येक शनिवारच्या चौकोनात बारीक पेन्सिलीनं दोनच अक्षरं होती, 'मी. क.' मीठ कमी. एकही शनिवार सुटलेला नव्हता. आई मागून म्हणाली, "सगळं बरोबर लिहून नेलं होतं की त्यायनी. मंग काऊन जमत नव्हतं?"

मी म्हणाले, "शेवटी जरा कडवट लागायची."

"येसराला मीठ लागतं ना माय. मीठ कमी पडलं की येसर कडूच लागतं. एवढं तर तुला बी ठाऊक हाय."

हो. ठाऊक होतं. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. मी तुमच्या जिवासाठीच मीठ लपवलं होतं, त्याची लाज वाटत नाही, उद्या तुम्ही परत आलात तर परत लपवेन. पण एकच शनिवार, अप्पा. एका शनिवारी चिमूटभर जास्त काढून ठेवलं असतं, तर तुम्ही बोलला असतात. हे मला आता जन्मभर पुरणार आहे.

काल शनिवार होता. आई आणि भाऊ सकाळच्या गाडीनं गेले. संध्याकाळी मी 'किनवट' ओट्यावर घेतलं. कुकर काढला नाही. स्टूल टाकलं आणि झाकण काढून मसुरीकडे बघत बसले, तुमच्यासारखी, दीड तास. वह्यांचा गठ्ठा शेजारी तसाच पडला होता. येसर घातलं, कपाट उघडून मिठाची बरणी आणली आणि आईच्या हातानं पडतं तेवढं मीठ टाकलं. भिंतीवरच्या अव्वांना म्हटलं, तुमचा मान ठेवून बावीस वर्षं केली नाही, आता रागावू नका.

शिवराज तुम्ही गेल्यापासून नीट जेवलेला नाही. दोन घास खातो आणि उठतो. काल त्यानं पहिला घास बुडवला, खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. मग दुसरा. मग वाटी तोंडाला लावून प्यायला, तुम्ही प्यायचात तशी. मी त्याला पुडीचं, किनवटचं, कॅलेंडरचं सगळं सांगितलं. तो उठून आत गेला आणि तुमच्या खुर्चीच्या पाठीवरची दस्ती घेऊन आला. अजून तशीच होती, धुवायची मला हिंमत झाली नव्हती. त्यानं ती टेबलावर आमच्या दोघांच्या मधे पसरली आणि खाली हात घातला.

"अप्पांचे मार्क राहिलेत ना तुझ्याकडं?" तो म्हणाला.

मी हात आत घातला. त्याचा हात तुमच्यासारखाच आहे, बोटं आखूड आणि तळवा रुंद, हे मला लग्नाला बावीस वर्षं होऊन काल कळलं. मी पूर्ण पंजा दाबला. सोडला. पुन्हा पूर्ण पंजा दाबला. तो बघत राहिला, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मग मी तोंडानं म्हणाले, "मीठ कमी आहे."